पार्सल फुटले, आता भरपाईचे काय?

(नागपूर येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. मी उभा राहिलो म्हणजे पेरणीचे अंतर, बीजप्रक्रिया, खताची मात्रा यांवर बोलणार अशी तुमची अपेक्षा असणार. आज मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. वाटेत खराब झालेल्या पार्सलची भरपाई कशी मिळते, आणि बहुतेकांना ती का मिळत नाही, हा तो विषय.

हा विषय शेतीचा नाही असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागातून आज काय काय पार्सलने जाते ते पाहा. भिवापूरची मिरची जाते, वायगावची हळद जाते, बचत गटांचा मध आणि लोणची जातात, आणि संत्री तर जातातच. उलट दिशेने बियाणे येते, ठिबकचे सुटे भाग येतात, फवारणी पंप येतो. यातले एखादे पार्सल भिजते, दबते, फुटते. मग आपण दोन दिवस चडफडतो आणि गप्प बसतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "कोण देते भरपाई!" माझा अनुभव असा, की भरपाई देणाऱ्याने नाही म्हणण्याच्या आधीच आपण आपला हक्क बहुधा घालवून बसलेलो असतो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. २०१२ सालचा जून महिना होता. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. वडिलांनी सोयाबीन बियाण्याच्या दोन पिशव्या ट्रान्सपोर्टने मागविल्या. वाटेत पाऊस लागला, गाडीची ताडपत्री फाटकी असावी. एक पिशवी कोरडी आली, दुसरी एका बाजूने ओली. हमालाने पिशव्या गाडीवरून खाली टाकल्या, टेकवल्या नाहीत. कारकुनाने कागद पुढे केला, वडिलांनी सही केली. त्या कागदावर "माल सुस्थितीत मिळाला" असे छापलेले होते. ओली पिशवी त्यांनी सावलीत पसरून वाळविली आणि दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी पेरल्या. कोरड्या पिशवीचे वावर चांगले उगवले. ओलीच्या वावरात तासच्या तास रिकामे. पुन्हा पेरायला बियाणे उसने आणावे लागले, आणि तोवर पेरणीची वेळ निघून गेली होती.

मी सुटीत घरी आलो तेव्हा तळाशी उरलेले दोन मुठी बियाणे दोन्ही पिशव्यांतून घेतले आणि गोणपाटात उगवण पाहिली. एकाची शंभरात अठ्ठ्याहत्तर, दुसऱ्याची एक्केचाळीस. मला वाटले पुरावा हाती आला. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थाने शांतपणे सहीचा कागद दाखविला. पिशवी ओली होती याला पुरावा काय? पिशवी आईने धुऊन दोरीवर वाळत घातली होती! बिल्टीवर मालाच्या किमतीचा रकाना कोरा होता. विमा नव्हताच. मी एम.एस्सी. करीत असलेला मुलगा, पण त्या माणसासमोर माझ्याजवळ बोलायला एक वाक्य नव्हते. त्यानंतर मी या विषयाचे कायदे वाचायला लागलो.

प्रथम पोस्टाचे घेऊ, कारण पार्सल म्हटले की आपल्याला पोस्टच आठवते. १८९८ चा भारतीय टपाल कायदा सव्वाशे वर्षे चालला. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले होते, की पोस्टाने पाठविलेली वस्तू हरवली, भलत्याला दिली गेली, उशिरा पोचली किंवा खराब झाली, तर सरकारने स्वतःहून जेवढी जबाबदारी शब्दांत पत्करली असेल तेवढीच सरकारवर येईल. कर्मचाऱ्यावरही जबाबदारी केव्हा, तर त्याने लबाडीने किंवा मुद्दाम नुकसान केले असेल तेव्हा. १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा टपाल कायदा लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमातही गाभा तोच राहिला आहे. ज्या सेवेसाठी नियमांनी जेवढी जबाबदारी ठरवून दिली, तेवढीच पोस्टाची. साध्या भाषेत सांगायचे, तर तिकीट लावले म्हणजे माल पोस्टाच्या जोखमीवर गेला असे होत नाही. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसते. ते रागाने तक्रार करतात, ग्राहक मंचापर्यंत जातात, आणि तिथे या कलमावर प्रकरण अडते.

म्हणून विम्याचे महत्त्व. जुन्या कायद्याच्या ३३ व्या कलमाने विमा उतरविलेल्या वस्तूपुरती सरकारने जबाबदारी घेतली होती. वस्तू हरवली, आतला माल गेला किंवा वाटेत नुकसान झाले तर पाठविणाऱ्याला भरपाई. किती? विम्याच्या रकमेपर्यंत, पण प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त कधीच नाही. हे दोन्ही भाग नीट लक्षात घ्या. चार हजारांचा माल आणि विमा एक हजाराचा, तर हजाराच्या वर मिळणार नाही. उलट एक हजाराचा माल आणि विमा चार हजारांचा, तरी मिळणार हजारच. जादा हप्ता फुकट गेला. विमा म्हणजे झालेली तूट भरून काढणे. त्यात नफा नाही. तेव्हा खरी किंमत लिहा, आणि ती दाखविणारे बिल जवळ ठेवा. घरच्या मालाला बिल कुठले, असे तुम्ही म्हणाल. तर ज्या गिऱ्हाईकाला माल पाठविला त्याच्या मागणीचा कागद, त्याने पाठविलेल्या पैशाची नोंद, बचत गटाचे पावती पुस्तक, यातले काहीही चालू शकते. काहीच नसणे चालत नाही.

विमा नसलेल्या स्पीड पोस्टालाही काही भरपाई असते, पण ती किती ते पाहा. माल हरवला किंवा खराब झाला तर पोस्टाच्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम, असा नियम अनेक वर्षे राहिला आहे. समजा चार हजारांचा मध पाठविला आणि शुल्क दीडशे रुपये लागले. दुप्पट म्हणजे तीनशे. चार हजारांच्या मधाला तीनशे रुपये! विम्याचे चालू दर आणि कमाल मर्यादा खिडकीवर विचारून घ्या, ते बदलत असतात. पण विचारा जरूर. पोस्टमास्तर आपणहून विचारत नाहीत, आणि मागे रांग असली की आपणही विचारत नाही.

जुन्या माणसांना आठवत असेल, विम्याचे पार्सल म्हटले की कापडात शिवायचे, शिवणीवर लाख वितळवून ठसे उमटवायचे. पोस्टात लाखेचा वास दरवळायचा. ते कटकटीचे वाटे, पण त्यात शहाणपण होते. ठसा मोडला की वाटेत कोणीतरी हात घातला हे आंधळ्यालाही कळे. आज चिकटपट्टीचे दिवस आहेत. पट्टी काढून तशीच पुन्हा लावली तर कळत नाही. म्हणून मी सुचवितो, पट्टी आणि पेटी दोन्हींवरून जाईल अशी पेनाने आडवी सही करा. पट्टी हलली की सहीची रेघ जुळत नाही.

पॅकिंगविषयी एक गोष्ट सांगतो, कारण दावे इथेच पडतात. पॅकिंग सदोष होते असे ठरले तर पोस्टाचा विमा असो, रेल्वे असो की खाजगी कंपनी, सगळे हात झटकतात, आणि ते कायद्याला धरून असते. काचेच्या बाटलीतील मध पाठवायचा तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, भोवती लाकडाचा भुसा किंवा कागदाचे बोळे दाबून भरा, आणि ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवा. मग पेटी कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर पॅकिंग पुरे झालेले नाही. पेटी बंद करण्यापूर्वी आतल्या मालाचे आणि बंद केल्यावर बाहेरून असे दोन फोटो काढा. मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचा हा उपयोग फारसा कोणी करीत नाही.

आणि वजन! पावतीवर वजन छापलेले असते, ते कोणी वाचत नाही. पण भरपाईच्या कामी त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. पाठविताना ५ किलो २०० ग्रॅम आणि पोचताना ४ किलो ६०० ग्रॅम, तर सहाशे ग्रॅम वाटेत गेले. मिरची असो, हळद असो, पार्सल ताब्यात घेण्याआधी तिथल्याच काट्यावर पुन्हा तोलायला सांगण्यात संकोच कशाचा?

आता ज्या क्षणी वडिलांचे चुकले तो क्षण. पेटी दबलेली, ओली, फाटलेली किंवा पट्टी बदललेली दिसली, तर स्वच्छ सही करू नका. पोस्टात पोस्टमास्तरांसमोर पेटी उघडून घेण्याची मागणी करा. ट्रान्सपोर्टमध्ये डिलिव्हरीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा, "एक पिशवी डाव्या बाजूने ओली, वजन इतके, माल तपासून घेण्याचा हक्क राखून". खाली तारीख, वेळ. त्या कागदाचा फोटो घ्या. कारकून म्हणेल, असे लिहिले तर माल मिळणार नाही. तेव्हा आवाज न चढविता म्हणा, मग तसे मला लेखी द्या. बहुतेक वेळा तो लिहू देतो. आणि खराब झालेला माल, फाटलेली पेटी, ओली पिशवी काहीही फेकू नका, धुऊ नका. पोस्टाचा दावा पाठविणाऱ्याने करायचा असतो. तेव्हा माल तुमच्याकडून गेला असेल, तर गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा की खराब पेटी टाकू नको आणि त्याच दिवशी कळव.

संत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. काटोल, नरखेड ही स्थानके नागपूर-इटारसी मार्गावर, आणि वरूडच्या स्थानकाचे तर नावच वरूड ऑरेंज सिटी. रेल्वे आणि संत्रा यांचे नाते जुने आहे. १४ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरहून दिल्लीच्या आदर्श नगरकडे किसान रेल्वे निघाली, तेव्हा फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात मिळणाऱ्या निम्म्या सवलतीची चर्चा गावोगावी झाली. माल खराब झाला तर काय, याची चर्चा मी कुठे ऐकली नाही.

पोस्टापेक्षा रेल्वेची जबाबदारी कायद्याने मोठी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ९३ व्या कलमाप्रमाणे वाटेत माल हरवला, नासला, खराब झाला तर रेल्वे जबाबदार असते. मात्र काही अपवाद आहेत: नैसर्गिक आपत्ती, पाठविणाऱ्याची चूक, आणि मालाच्या अंगच्या दोषामुळे होणारी नासाडी. हा शेवटचा अपवाद संत्रावाल्यांनी नीट समजून घ्यावा. मी फळबागेचा तज्ज्ञ नाही, पण एवढे सांगू शकतो की झाडावरून ओढून तोडलेल्या फळाचा देठाजवळचा भाग फाटतो, तिथून हिरवी बुरशी शिरते आणि एक फळ शेजारची चार नासवते. अशी नासाडी म्हणजे फळाचाच दोष, असे रेल्वे म्हणणार. पेट्या एकावर एक दडपल्याने फळे चिरडली, किंवा माल कारण नसताना दोन दिवस फलाटावर उन्हात पडला, तर गोष्ट वेगळी. उशीर आपल्या निष्काळजीपणामुळे झाला नाही, हे तिथे रेल्वेला सिद्ध करावे लागते. म्हणून माल घेताना नासलेली फळे आणि चिरडलेली फळे वेगवेगळी मोजून घ्या. कात्रीने तोडणी, निवड, पेटीत दोन थरांमध्ये कागद किंवा तणस, हे सगळे फळ टिकविण्यासाठी तर आहेच, दाव्यासाठीही आहे.

कमी भाड्यात "मालकाच्या जोखमीवर" माल नेण्याचा दर घेतला असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. पावतीवर हे शब्द आहेत का ते पाहा. भरपाईला मर्यादाही आहे. किंमत जाहीर केली नसेल तर १९९० च्या नियमांत सर्वसाधारण मालाला किलोमागे ५० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. संत्र्याचा भाव किलोला तीस-चाळीस असेल तर ही मर्यादा आड येत नाही. पण तीनशे रुपये किलोचा पन्नास किलो मध पाठविला, तर पंधरा हजारांच्या मालाला अडीच हजार! अशा मालाची किंमत बुकिंगच्या वेळी जाहीर करून त्यावरचे टक्केवारी शुल्क भरणे, हाच रेल्वेतला विमा समजा.

कायद्याच्या ८१ व्या कलमाने खराब स्थितीत आलेल्या मालाची उघडून, मोजून डिलिव्हरी मागण्याचा हक्क दिलेला आहे. तो मागावा लागतो. भरपाईची लेखी मागणी माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेली पाहिजे. माल मिळाल्यापासून नव्हे, बुक केल्यापासून. इथे पुष्कळ जण चुकतात. समाधान झाले नाही तर रेल्वे दावे न्यायाधिकरण आहे, त्याचे एक पीठ आपल्या नागपुरातच आहे, आणि तिथे जाण्याची मुदत तीन वर्षांची आहे. माझ्या परिचयाचे कळमेश्वरकडील एक बागायतदार आहेत. त्यांनी एकदा दबलेल्या पेट्यांची अशी मोजून डिलिव्हरी घेतली. पाठपुरावा करावा लागला, पण पैसे मिळाले. त्यांच्यात आणि माझ्या वडिलांत शिक्षणाचा फरक नव्हता. एकाने सहीच्या आधी पेटी उघडायला लावली, दुसऱ्याने सही केली.

ट्रकने, ट्रान्सपोर्टने माल जातो त्याला २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आहे, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. यात बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. जास्त जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही जाहीर किमतीच्या आत. वडिलांनी दोन पिशव्यांचे नव्वद रुपये भाडे दिले होते. म्हणजे सगळे कागद बरोबर असते तरी नऊशेच्या वर काही मिळाले नसते, आणि एका पिशवीचीच किंमत दीड हजारावर होती. बिल्टीवरचा तो कोरा रकाना मला अजून आठवतो.

नेहमी माल पाठविणाऱ्या गटांनी आणि शेतकरी कंपन्यांनी सर्वसाधारण विमा कंपनीकडून मार्गस्थ मालाचा विमा घ्यावा. एकदा-दोनदा पाठविणाऱ्याला तो परवडेलच असे नाही. त्यात नुकसान दिसताच कंपनीला कळवावे लागते, सर्वेक्षकाने माल पाहीपर्यंत तो हलवू नये, आणि वाहतूकदारालाही वेगळी नोटीस द्यावी. ती दिली नाही तर विमा कंपनीला पुढे वाहतूकदाराकडून वसुली करता येत नाही, आणि त्या कारणाने तुमचा दावा अडू शकतो. पोस्ट किंवा खाजगी कुरिअरने दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात मर्यादा छापलेली असते, ती माल देण्याआधी वाचा. चष्मा नसेल तर मुलाकडून वाचून घ्या.

आता माझ्या विषयाकडे वळतो. पार्सलने आलेल्या बियाण्याचे नुकसान बाहेरून दिसत नाही. सोयाबीनचे कवच फार पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. पिशवी उंचावरून आपटली की दाणा दिसायला धड, पण आतून निकामी. ओल लागून पुन्हा वाळलेल्या दाण्याचेही तसेच. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, हरभऱ्याला आणि गव्हाला ८५. तेव्हा पार्सलचे बियाणे पेरणीच्या किमान दहा दिवस आधी येईल असे मागवा. आल्याबरोबर प्रत्येक पिशवीतून वेगवेगळा नमुना, दोन शेजाऱ्यांसमोर काढा. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करा, ओल टिकवा, सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजा. एकाच लॉट क्रमांकाच्या दोन पिशव्यांपैकी एक उगवते आणि दुसरी उगवत नाही, तर दोष बियाण्याचा नसून वाटेतला, हे दाखविता येते. म्हणून पिशवीवरचे लेबल आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. अधिकृत दाखला लागला तर नागपूरच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देता येतो.

भरपाई मिळाली तरी ती महिन्यांनी मिळते, मृगाचा पाऊस तोवर थांबत नाही. दाव्याचा कागद एकीकडे चालू द्या, आणि उगवण कमी निघाली तर बियाणे त्याच आठवड्यात दुसरीकडून उभे करा.

पलीकडच्या टेबलावर दोन गोणपाटे आणि एकाच लॉटचे दोन नमुने ठेवले आहेत, एक जपून आणलेला, एक मुद्दाम आपटलेला. पाच दिवसांपूर्वी लावले होते. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी या, आपण मिळून कोंब मोजू.